क्लॅरोनेटचं विरजण

पुणे,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय उकंडमामा,

भाचीचा जयभीम घ्या आणि रागावू नका.

फोन केला की तुम्ही "हॅलो" म्हणता आणि पुढे मी नुसता तुमचा खोकला ऐकत बसते. परवा तर तुम्ही फोन सरळ शेजारच्या नरेंद्रदादाच्या हातात दिला. त्याचं मोबाइलचं दुकान, त्याला बोलायला काय, कोणीही चालतं. पण मला तुमच्याशी बोलायचं होतं. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. कागदावर तरी तुम्हाला खोकता येणार नाही.

आई गेल्यावर मी तुमच्या आणि मामीच्या घरात लहानाची मोठी झाले. त्या सगळ्या वर्षांत तुम्ही कधी साधे शिंकल्याचंही मला आठवत नाही. पोलीस बँडातला माणूस, छाती म्हणजे लोहाराचा भाता! मग आता हे काय?

गावात तुम्ही "पोरगी डॉक्टर आहे" असं सांगून मोकळे होता. मी डॉक्टर नाही मामा. आमच्या प्रयोगशाळेत लोकांच्या घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि त्यात कोणकोणते सूक्ष्मजीव राहतात ते मी बघते. नाकात, घशात, श्वासनळीत त्यांच्या वस्त्याच असतात. बहुतेक निरुपद्रवी, काही तर आपली राखण करणारे. तान्ह्या पोराच्या नाकातली वस्ती वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी. बिडी ओढणाऱ्याची, चुलीपुढे बसणारीची आणखी वेगळी. वस्ती बिघडते म्हणून छाती बिघडते की छाती बिघडल्यावर वस्ती, हे मात्र अजून कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

तर आमच्या कामात सगळ्यांना विचारतो तेच तुम्हाला विचारते. चूल पेटवता का? धुळीत काम करता का? तंबाखू, बिडी? खरं खरं कळवा. मामीची शपथ घालत नाही, पण घातली आहे असं समजा.

तुमची
सुकेशनी

*

कामरगाव,
८ सप्टेंबर २०२४

चि. सुकेशनी,

तुझं पत्र नरेंद्रच्या दुकानात बसून वाचलं. सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं म्हटलं तरी चालेल. घशात वस्ती असते हे ऐकून एक जण म्हणाला, "मंग तिथं ग्रामपंचायत बी असन." त्यावर हसता हसता मला जो खोकला लागला, तो पाणी पिऊन थांबला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बिडी जन्मात नाही. तंबाखू बँडात लागलो तेव्हाच सोडला, कारण तोंडात तोबरा आणि बाजा दोन्ही मावत नाहीत. चूल तुझी मामी गेल्यापासून पेटली नाही, गॅस आहे. शेत बटईने दिलंय, धूळ लांबूनच बघतो. वय सदुसष्ट. आता या वयात माणूस खोकणार नाही तर काय शीळ घालणार?

उलट मी तर छातीची कसरत करतो. रोज संध्याकाळी तासभर क्लॅरोनेट वाजवतोच. आमच्या बँडाच्या देवानंद मास्तरांची ती शिसवी क्लॅरोनेट तुला आठवते ना? निवृत्त होताना त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "उकंड, सरकारी बाजे हुकमापरमानं पुसत जाय, पन ह्याच्या नळीत कपडा फिरवू नको. चाळीस वर्साचा सूर मुरला आहे हिच्यात." मी अजून पाळतो. वाजवून झाली की तशीच ओलसर गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवतो. दह्याचं गाडगं कोणी खसखसून घासतं का? तळाला थोडं राहू द्यावं लागतं, तेच उद्याचं विरजण. तुझी मामी हेच म्हणायची. एवढ्यात मात्र वाजवल्यावर रात्रीकडे अंगात कसकस वाटते आणि श्वास पुरत नाही. वरचे सूर तुटतात. वय झालं, दुसरं काय.

एक आनंदाची गोष्ट. पलीकडच्या तांड्यावरच्या हरिसिंगची शीला क्लॅरोनेट शिकायला येते. बावीस वर्षांची आहे. आईबाप उसतोडीला जातात, ही मागे राहून शिकली. पोलीस भरतीत बँडची जागा धरायची म्हणते. सकाळी धावते, संध्याकाळी माझ्याकडे. तिच्यासाठी कारंज्याच्या बँडवाल्याकडून एक जुनी क्लॅरोनेट मागून आणली आहे, तिच्या दोन चाव्या लागत नाहीत. पण पोरीचा दम बघशील तर थक्क होशील.

माझी काळजी करू नको. नोकरी सांभाळ.

तुझा
मामा

*

पुणे,
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

"वय झालं" हे उत्तर मी फॉर्मवर लिहून घेत नाही.

नरेंद्रदादा सांगत होता, घरापासून हाकेच्या अंतरावर सोयाबीनचं मळणी यंत्र चालू आहे आणि तुम्ही खिडकी उघडी टाकून झोपता. माझी खात्री झाली आहे, तुमचा खोकला त्या भुशाचा आहे. खिडकी लावा, दाराला ओलं फडकं लावा. आणि दिवाळीला इकडे या. इथल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. आता नाही म्हणालात तर मीच येईन आणि तुम्हाला उचलून एस.टी.त बसवीन.

येताना भार आणू नका. फक्त तुम्ही या.

तुमची
सुकेशनी

*

कामरगाव,
५ डिसेंबर २०२४

चि. सुकेशनी,

सुखरूप पोचलो. वाशिमच्या गाडीत एक बाई शेजारी बसली होती. उतरताना म्हणाली, "बाबा, तुमी लयच गप्प बसता." तिला काय ठाऊक, खोकत नाही म्हणून गप्प वाटतोय!

पोरी, तुझे उपकार कोणत्या शब्दांत सांगू. आलो तेव्हा तुझ्या इमारतीचा एक जिना चढताना तीनदा बसलो होतो. निघताना पिशवी हातात घेऊन उतरलो, आणि विसरलेला चष्मा आणायला पुन्हा वर चढलो. त्या डॉक्टरबाईंनी फोटो दाखवून छातीत धुरकट डाग आहेत म्हटलं होतं. पण त्यांच्या पंपाने कमाल केली. तुझ्या हातची गरम भाकरी आणि त्या टेकडीवरच्या हवेनेही. तू रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी माझ्यासाठी पाणी उकळून ठेवायचीस, ते मी बघत होतो. बोललो नाही एवढंच.

निघताना तू माझ्या घशातून ती काडी फिरवून घेतलीस, त्याचं काय निघालं ते सांग. नरेंद्र रोज विचारतो, "मामा, वस्तीत कोन निवडून आलं?"

क्लॅरोनेट शीलाकडेच आहे. पुण्याला येताना मास्तरांचीच दिली तिला, कारंजेवालीच्या चाव्या शेवटी पार गेल्या. परत मागितली नाही. तिला जास्त गरज आहे.

तुझा
मामा

*

पुणे,
११ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही, तुम्ही डोक्यावर बसाल.

नरेंद्रदादाला निकाल सांगा: तुमच्या घशातली वस्ती तुमच्या वयाच्या माणसाची असते तशीच आहे. तरुणपणी नाकातले रहिवासी आणि घशातले रहिवासी वेगवेगळे राहतात. वय वाढलं की बांध पुसट होतात आणि ते एकमेकांच्या आवारात शिरतात. तुमचंही तसंच झालंय. भयंकर असं काही सापडलं नाही. त्यामुळे मीही आता मानते की थोडं वय आणि थोडा तो भुसा. पंप चालू ठेवा, बंद केलात तर खोकला परत येईल असं डॉक्टरबाईंनी बजावलं आहे.

आणि उपकार वगैरे शब्द पुन्हा लिहू नका. मी बारावीला असताना मामीला दम लागायचा, तेव्हा तुम्ही तिला औषध देऊन, स्वयंपाक करून, मग बँडाच्या ड्यूटीवर जात होता. मीही बघत होते. बोलले नाही एवढंच.

तुमची
सुकेशनी

*

कामरगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सुकेशनी,

आधी तू रागावशील ते सांगून टाकतो. पंप नाताळाच्या आधीच संपला आणि मी नवा आणलाच नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खवखवतच नाही तर काय करू? छाती मोकळी आहे. परवा कामरगाव ते तांडा चालत गेलो आणि चालत आलो.

पण मन ठिकाणावर नाही. शीला आजारी आहे. संक्रांतीच्या सुमारास खोकला सुरू झाला, आता संध्याकाळी ताप चढतो, हुडहुडी भरते. सकाळी पुन्हा बरी वाटते म्हणून धावायला जाते आणि अर्ध्या मैदानात बसते. तिची आई धनीबाई कारखान्यावरून उसतोड सोडून परत आली. म्हणते, संक्रांतीआधी घरी येऊन गेले तेव्हा उसाच्या फडातून मी काहीतरी घेऊन आले आणि पोरीला लावलं. थुंकीची टीबीची तपासणी केली, काही नाही. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आहे म्हणाले. गोळ्या संपल्या, ताप तसाच. आणि पोरगी अशी हट्टी की तापातही सराव चुकवत नाही, भरती तोंडावर आली आहे ना. बंद दाराआड वाजवते, म्हणजे आईला त्रास नको.

बावीस वर्षांची, कसला नाद नाही, कसलं व्यसन नाही. माझं सोड, माझं वय होतं. हिचं काय? तुझ्या त्या डॉक्टरबाईंना विचारशील का? मी तुझ्यापुढे हात जोडतो.

तुझा
मामा

*

पुणे,
१५ फेब्रुवारी २०२५

मामा,

पत्र आत्ता मिळालं. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून नरेंद्रदादाला सांगितलं आहे की आहे तसा तुमच्याकडे पळत जा. तो पोचला असेलच. तरी सगळं लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट समजेल.

शीलाकडून ती क्लॅरोनेट काढून घ्या. आजच. कोणीही तिच्यात फुंकू नका, तुम्हीही नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली. मी तुमचं वय मोजलं, चूल मोजली, भुसा मोजला. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की वाजवल्यावर रात्रीकडे कसकस वाटते, आणि मी त्यावरून डोळे फिरवून पुढे गेले. तुम्ही आणि शीला, दोघांच्या वयात पंचेचाळीस वर्षांचं अंतर. राहणी वेगळी, घर वेगळं, कामं वेगळी. एक गोष्ट मात्र दोघांच्या ओठांना लागली. ती तुमच्याकडून गेली आणि तुम्ही पंपाशिवाय बरे झालात. तिच्याकडे आली आणि ती आजारी पडली.

दह्याच्या गाडग्यात जे राहतं ते आपल्या कामाचं असतं मामा. ओल्या, अंधाऱ्या नळीत बुरशी वाढते. वाजवताना आपण नुसतं फुंकत नाही, मधे मधे खोल श्वासही ओढतो, आणि तिची भुकटी थेट छातीत जाते. हा बहुतेक संसर्ग नसतो. छातीला ती भुकटी सोसत नाही आणि ती आतून सुजते. आमच्या तपासणीत आम्ही जिवाणू शोधत होतो, बुरशी कोणी शोधलीच नाही. अर्थात हा सगळा माझा अंदाज आहे. सिद्ध व्हायला ती क्लॅरोनेट इथे हवी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठवा, आणि शीलाला अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांच्यासाठी चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मास्तरांची ती आठवण आहे, मला माहीत आहे. तरीही.

सुकेशनी

*

कामरगाव,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुकेशनी,

नरेंद्र चप्पल न घालता धावत आला. मी आधी त्याच्यावरच ओरडलो. मास्तरांच्या बाज्याने माणूस आजारी पडतो म्हणे! हे जर तू माझ्याबद्दल लिहिलं असतंस ना, तर मी तुझं पत्र पेटीत ठेवून दिलं असतं आणि वाजवत राहिलो असतो. खोटं कशाला बोलू. पण नरेंद्र म्हणाला, "मामा, ती पोरगी आत्ता बी वाजवून राह्यली असन." मग मी उठलो. त्याच्या गाडीवर बसून तांड्यावर गेलो.

दारातूनच आवाज येत होता. मी कडी वाजवली. शीला घामाने भिजलेली, डोळे लाल. म्हणाली, "गुरुजी, आयका, वरचा सा लागून राह्यला आता."

मी म्हटलं, "बाई, तो बाजा मले दे. कारन मंग सांगतो."

तिचं तोंड उतरलं. धनीबाई आतून आली. "काऊन गुरुजी? पोरीचं काई चुकलं काय?"

"चुकलं नाई. देऊन टाका."

हरिसिंगही नेमका सुटी घेऊन आलेला. खाटेवरून उठला आणि म्हणाला, "गुरुजी, दिलेली वस्तू कोनी वापस घेते काय? पोरगी बिमार आहे म्हनून आता ते तुमाले शिकवाच्या लायक नाई वाटत काय?"

सुकेशनी, मला भरल्या तांड्यात कोणी असं कधी बोललं नव्हतं. पण तो बाप होता. मी खाली बसलो आणि तू नरेंद्रला कळवलेलं सगळं सांगितलं, गाडग्यापासून. मग धनीबाईने पोरीच्या हातातून क्लॅरोनेट घेतली, नळीला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "ओल्या चिंध्याचा वास येते हो," म्हणाली. इतकी वर्षं त्या वासाला मी मुरलेपणा म्हणत होतो! तिनेच दोन पिशव्यांत बांधून दिली.

शीलाला दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. सोबत हरिसिंग होता. डॉक्टरांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचली आणि शीलाबरोबर माझंही रक्त तपासायला घेतलं. औषध सुरू झालं आहे. बाजा नरेंद्रच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला, पोचला का ते कळव.

तुझा
मामा

*

पुणे,
२२ मार्च २०२५

प्रिय मामा,

क्लॅरोनेट उघडली तेव्हा मी स्वतः हजर होते. नळीच्या आत, चाव्यांच्या गाद्यांखाली आणि सगळ्यात जास्त त्या गोधडीच्या तुकड्यात राखाडी-हिरवा थर होता. आम्ही त्यातलं थोडं वाढवून बघितलं. बुरशी, आणि ती भरपूर. तुमच्या रक्ताचा जो नमुना अकोल्याहून मागवला, त्यात तिच्याविरुद्धच्या खुणा सापडल्या. शीलाच्याही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी एक पावसाळा तुम्ही वाजवत राहिला असता तर छातीला कायमचे वळ पडले असते. मामा, त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

शीलाचा मला फोन आला होता. ताप गेला, ती पुन्हा धावू लागली. तिच्याशी बोलताना मला माझाच अभिमान वाटला, मग तुमचा जास्त वाटला. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलं नसतं तर मला काही कळलं नसतं.

वाईट बातमी एकच. इथल्या कारागिराने बघितलं, लाकूड आतून भेगाळलं आहे आणि ओल भेगांत शिरली आहे. पूर्ण स्वच्छ झाली असं कोणी लिहून देत नाही. बघायला ठेवता येईल, वाजवता येणार नाही. परत पाठवू का? तुम्ही म्हणाल तसं.

तुमची
सुकेशनी

*

कामरगाव,
२० एप्रिल २०२५

चि. सुकेशनी,

पाठवू नको. तुमच्या कपाटात राहू दे, नव्या पोरापोरींना दाखवायला. मास्तरांना वाईट वाटणार नाही. ते म्हणाले असते, "उकंड, माह्या बाज्यानं कोनाचा दम तोडला असं नको होऊ देऊ."

जयंतीची मिरवणूक झाली. शीला प्लास्टिकच्या नव्या क्लॅरोनेटवर पुढे होती, अमरावतीहून आणली. वाजवून झालं की लगेच नळीतून कपडा फिरवते, तुझ्या मामीच्या जुन्या लुगड्याचा. धनीबाई आणि हरिसिंग तांड्यावरून आले होते. हरिसिंगने सगळ्यांसमोर माझे पाय धरले, मी त्याला उठवून मिठी मारली. मी वाजवलं नाही. पण बुद्धविहारापासून बसस्टँडपर्यंत आणि परत, सगळी वाट चाललो. घोषणाही दिल्या.

आता तुला एक सांगायचं राहिलं आहे. दिवाळीच्या आधी पुण्याला निघालो ना, तेव्हा मी परत येईन असं मला वाटत नव्हतं. तुझ्या मामीच्या, चंपाच्या छातीचं असंच सुरू झालं होतं, असाच जिना चढवेना, असेच वरचे सूर... तिचं गाणं होतं तेवढाच फरक. तिचं मी शेवटपर्यंत बघितलं आहे. म्हणून शीलाला जी क्लॅरोनेट दिली, ती शिकायला नव्हती दिली. ती माझी निरवानिरव होती. कारंजेवालीच्या चाव्या गेल्या ही मी तुला मारलेली थाप होती. तुला सांगितलं असतं तर तू कामधाम सोडून बसली असतीस. बघ, मरायच्या तयारीने जे हातातलं दिलं, त्याच देण्याने मी जगलो. आणि ती पोर माझ्यापायी मरता मरता राहिली. तुझ्यामुळे राहिली. हे ऋण मी कसं फेडणार, मला समजत नाही, आणि फेडायची घाईही नाही.

काल अकोल्याला दाखवून आलो. डॉक्टर तरुण आहेत, आपल्याच भागातले. छाती ऐकली, फोटो जुन्याशेजारी धरला. मी विचारलं, "साहेब, मी पुन्हा वाजवू शकीन काय?" ते म्हणाले, "काका, यंदा अजिबात नाई. छातीले भरून येऊ द्या. नवा बाजा घ्या, साफ ठेवा, आन् पुढच्या जयंतीले वाजवा."

मी म्हटलं, "पुढच्या जयंतीले?"

त्यांना वाटलं मी हिरमुसलो. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एक वर्स तं आहे काका. एका वर्सानं काय होते?"

बाई, मी बाहेर आलो, तिथल्या बाकावर बसलो आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडलो. बराच वेळ रडलो, आणि मधे एकदाही खोकला आला नाही.

तुझा
मामा